दप्तरात न सापडणारे दुखणे : स्त्रियांच्या लघवी न धरवण्याच्या विकाराचा इतिहास

हिंगोलीच्या इतिहासासाठी कागदांची वाण नाही. हैदराबाद कंटिन्जंटची छावणी येथे १९०३ पर्यंत होती, त्यामुळे लष्करी नोंदी आहेत. ठगांच्या बंदोबस्ताच्या इंग्रजी कागदपत्रांत हिंगोलीचे नाव पुन्हा पुन्हा येते. निजामी राजवटीचे महसुली दप्तर आहे. नरसीचे नामदेव आणि औंढ्याचा नागनाथ यांच्यामुळे संतसाहित्याचे व मंदिरस्थापत्याचे अभ्यासक या भागाकडे वळत आले आहेत. परंतु चौथ्या बाळंतपणानंतर खोकताना लुगडे ओले होऊ लागलेली, त्यामुळे कीर्तनाला जाणे सोडून दिलेली, देवघरापासून स्वतःच दूर राहणारी बाई यांपैकी कोणत्या दप्तरात सापडेल? ती सैनिक नव्हती, गुन्हेगार नव्हती, बहुधा खातेदारही नव्हती. दुखणे जीवघेणे नसल्याने ती मृत्यूच्या नोंदीतही आली नाही.

हा धागा त्या बाईविषयी आहे. ज्या गोष्टीची नोंदच झाली नाही तिचा इतिहास कसा लिहायचा, हा इतिहासाच्या अभ्यासातील जुना पेच आहे आणि स्त्रियांच्या शरीराच्या बाबतीत तो सर्वाधिक तीव्र होतो.

प्रथम विकार नेमका कोणता ते पाहू. खोकताना, शिंकताना, हसताना किंवा डोक्यावर हंडा चढवताना लघवीचे थेंब निसटणे हा त्याचा एक प्रकार. लघवीची एकाएकी तीव्र भावना होऊन मोरीपर्यंत पोहोचण्याआधीच ती सुटणे हा दुसरा. अनेक स्त्रियांना दोन्ही त्रास एकत्र असतात. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना ती खालून आधार देते. बाळंतपणात ही झोळी ताणली जाते, तिच्या मज्जातंतूंना इजा होते. पुढे वय वाढते, पाळी थांबते, वजन वाढते, मधुमेह जडतो, वर्षानुवर्षांचा खोकला किंवा बद्धकोष्ठ पोटातला दाब वाढवीत राहतो, आणि आधीच सैलावलेली झोळी आणखी सैल होते. चुलीच्या धुराने जडलेला खोकलाही या यादीत धरला पाहिजे. आधार फारच सुटला की गर्भाशय खाली उतरते. आपल्याकडे त्याला 'अंग बाहेर येणे' म्हणतात.

तिसरा प्रकार या दोहोंहून वेगळा आणि अधिक भीषण आहे. प्रसूती अडली, मूल दोनदोन दिवस वाटेत अडकून राहिले, तर त्याचे डोके आईच्या कटीच्या हाडांवर मूत्राशय दाबून धरते. दाबलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, तो भाग मरतो आणि काही दिवसांनी गळून पडतो. मूत्राशय व योनिमार्ग यांच्यामध्ये छिद्र राहते. वैद्यकात त्याला फिस्टुला म्हणतात. मग लघवी थेंबाने निसटत नाही, ती रात्रंदिवस वाहत राहते. अशा प्रसूतीत मूल बहुतेक वेळा दगावलेले असते. बाई जगते, परंतु तिच्या अंगाचा वास घराला सहन होत नाही.

या तिसऱ्या प्रकाराचा फार जुना पुरावा इजिप्तमधील आहे. देर अल-बहरी येथे सापडलेली हेनहेनित नावाच्या स्त्रीची ममी दुसऱ्या मेंतुहोतेप राजाच्या दरबाराशी संबंधित, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची आहे. शरीररचनातज्ज्ञ डग्लस डेरी यांनी १९३५ साली तिच्या मूत्राशयातील असे छिद्र नोंदवले. राजदरबारातील स्त्री असल्यामुळे तिचे शरीर जपले गेले आणि म्हणून तिचे दुखणे आपल्याला कळते. सामान्य स्त्रीच्या शरीराला ते भाग्य लाभत नाही.

भारतीय वैद्यकग्रंथ या विषयावर मुळीच मुके नाहीत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायाचे नावच 'नवेगान्धारणीय' आहे. शरीराचे जे तेरा वेग अडवू नयेत असे तेथे सांगितले आहे, त्यांत पहिला वेग मूत्राचा. त्याच ग्रंथाच्या चिकित्सास्थानात वीस योनिव्यापदे वर्णिली आहेत, आणि सुश्रुताच्या यादीत 'प्रस्रंसिनी' म्हणजे जागेवरून खाली सरकणारी अशी एक अवस्था येते. अकराव्या शतकात इब्न सीना याने 'अल-कानून' या ग्रंथात याहून नेमके निरीक्षण नोंदवले : फार लहान वयात विवाह झालेल्या मुलींच्या बाबतीत गर्भाच्या आकारमानामुळे मूत्राशय फाटू शकते आणि मग लघवी गळत राहते, म्हणून वैद्याने अशा मुलींना गर्भधारणा टाळण्याचे उपाय सांगावेत. हजार वर्षांपूर्वीच्या या वाक्यात विकार, कारण आणि प्रतिबंध तिन्ही आहेत.

अशा उल्लेखांवरून 'आपल्याकडे सारे आधीच ठाऊक होते' असा जयघोष समाजमाध्यमांवर लगेच सुरू होतो. ग्रंथात व्याधीचे नाव असणे आणि गावातल्या बाईला उपचार मिळणे यांत मोठे अंतर असते, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. लघवी अडवू नये हा चरकाचा उपदेश ज्यांना कधीच पाळता आला नाही अशा कोट्यवधी स्त्रिया याच देशात होत्या. घरात शौचालय नाही, दिवसाउजेडी बाहेर बसण्याची सोय नाही. पहाटेच्या आणि रात्रीच्या अंधाराची वाट पाहायची आणि मधल्या वेळात पाणीच कमी प्यायचे, ही ग्रामीण स्त्रीची पिढ्यान्‌पिढ्यांची दिनचर्या. अशा सवयींतून मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग बळावतो, आणि संसर्ग झाला की लघवीची घाईही वाढते. ज्या बाईला मुळातच थेंब धरवत नाहीत तिच्यासाठी अंधाराची वाट पाहणे काय असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

आधुनिक शस्त्रक्रियेचा इतिहास येथे अमेरिकेकडे वळतो, आणि तो अभिमानाने सांगावा असा नाही. अलाबामा राज्यातील माँटगोमेरी येथे जे. मॅरियन सिम्स या डॉक्टरने १८४५ ते १८४९ या काळात फिस्टुला शिवून बंद करण्याचे प्रयोग केले. ज्यांच्यावर प्रयोग झाले त्या स्त्रिया गुलाम होत्या. त्यांपैकी ॲनार्का, बेट्सी आणि लुसी ही तीनच नावे आपल्यापर्यंत पोहोचली. एकट्या ॲनार्कावर सुमारे तीस शस्त्रक्रिया झाल्या, त्याही भूल न देता. अखेर चांदीच्या तारेच्या टाक्यांनी छिद्र मिटले. १८५२ साली सिम्सचा लेख प्रसिद्ध झाला आणि 'आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक' म्हणून त्याचे नाव झाले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या कडेला असलेला त्याचा पुतळा २०१८ च्या एप्रिलमध्ये हटवण्यात आला. त्या तिघींनी स्वतः काय सोसले हे त्यांच्या शब्दांत कोठेच नाही. जे आहे ते शस्त्र धरणाऱ्याच्या शब्दांत.

महाराष्ट्रात हे मौन प्रथम उघडपणे सांगितले ते पंडिता रमाबाईंनी. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे पुण्यात साक्ष देताना चोवीस वर्षांच्या रमाबाईंनी स्त्री डॉक्टरांची मागणी केली. येथील स्त्रिया आपले दुखणे पुरुषासमोर बोलण्यापेक्षा मरण पत्करतात आणि त्यामुळे असंख्य स्त्रिया अकाली मरतात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढल्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या. चौदाव्या वर्षी बाळंत झालेल्या आणि दहा दिवसांचे मूल गमावलेल्या आनंदीबाईंनी १८८६ च्या पदवीसाठी प्रबंधाचा विषय निवडला तो प्रसूतिशास्त्राचाच. त्याच वर्षी मुंबईत स्त्रियांसाठीचे कामा रुग्णालय सुरू झाले.

रमाबाईंचे ते वाक्य इतिहासाच्या विद्यार्थ्याने साधन म्हणून वाचावे. रुग्णालयाच्या वहीत एखादा आजार कमी दिसतो तेव्हा तो समाजात कमी होता असे नव्हे. तो वहीपर्यंत पोहोचलाच नाही, असाही त्याचा अर्थ असू शकतो. रमाबाईंची साक्ष त्या कोऱ्या रकान्याचे कारण सांगते.

आठनऊ वर्षांनी संमतिवयाचा वाद पेटला. मुलीशी शरीरसंबंधाचे किमान वय दहावरून बारा करणारे विधेयक मार्च १८९१ मध्ये मंजूर झाले. टिळकांनी सरकारी हस्तक्षेप म्हणून त्याला विरोध केला. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी शास्त्राधार देऊन पाठिंबा दिला. भारतात काम करणाऱ्या स्त्री डॉक्टरांनी व्हाइसरॉयकडे अर्ज करून बालवधूंच्या जखमांची उदाहरणे मांडली होती. तरीही मराठी वाद मुख्यतः गर्भाधान संस्कार केव्हा करावा आणि परकीय सरकारला हा अधिकार आहे काय, याभोवतीच फिरत राहिला. दोन्ही बाजूंचे पांडित्य मोठे होते. अपुऱ्या वाढलेल्या कटीतून मूल बाहेर येताना मूत्राशयाचे काय होते, हा प्रश्न त्या पांडित्याच्या कक्षेत नव्हता.

हिंगोलीला तर हा कायदा लागूच नव्हता. तेव्हा हिंगोली निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होती, आणि ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे संस्थानांना आपोआप लागू होत नसत. मुलींचे विवाहाचे वय चौदा ठरवणारा १९२९ चा सारडा कायदाही ब्रिटिश हिंदुस्थानापुरताच होता. पुणे-मुंबईच्या वर्तमानपत्रांत लढली गेलेली सामाजिक सुधारणेची लढाई कयाधूच्या काठी पोहोचायला सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. मराठवाड्याच्या मागासलेपणाची चर्चा सिंचन आणि रेल्वे यांवर नेहमी होते. स्त्रियांच्या शरीरावर उमटलेला तिचा हिशेब कोणी फारसा मांडत नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी या प्रश्नात मोलाची भर घातली. गोव्यातील शिरोडे येथे १८९९ साली जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचे नाव गर्भपात टाळण्यासाठी गर्भाशयमुखाला घालण्याच्या टाक्यामुळे जगभर गेले. त्यांचे दुसरे काम तुलनेने कमी लोकांना ठाऊक आहे : खाली उतरलेले गर्भाशय काढून न टाकता पट्टीच्या आधाराने वर टांगून ठेवण्याची शस्त्रक्रिया. पुरंदरे यांच्या नावानेही अशीच एक पद्धत ओळखली जाते. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत अंग बाहेर येणे हा प्रामुख्याने उतारवयाचा आजार. आपल्याकडे तो विशी-तिशीतल्या, अजून मूल हवे असलेल्या बायकांना होत असे, म्हणून गर्भाशय वाचवणारी शस्त्रक्रिया मुंबईत शोधावी लागली. आपल्या पाठ्यपुस्तकांनी तरुण वयातल्या या आजाराची जी कारणे सांगितली ती घराघरांतली होती. पिशवीचे तोंड पुरते उघडण्याआधीच बाईला जोर लावायला सांगणे, बाळंतपणे लागोपाठ होणे, आणि बाळंतिणीने लवकर कामाला लागणे.

हे शेवटचे कारण थांबून पाहण्यासारखे आहे. सव्वा महिन्याचे बाळंतपण, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू ही प्रथा आपण सर्वांची म्हणून सांगतो. प्रत्यक्षात ती ज्या घरात दुसरी कमावती माणसे आणि माहेरी दाणे होते त्या घराची होती. रोजावर जाणाऱ्या बाईचा सव्वा महिना बहुधा आठवड्यातच संपे. १९७२ च्या दुष्काळात सरकारी कामे निघाली. मे १९७३ मध्ये राज्यभर सुमारे पन्नास लाख मजूर त्या कामांवर होते, त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. खडी फोडणे, मातीची पाटी उचलणे हेच काम. याच अनुभवातून पुढे रोजगार हमी योजना कायद्याने उभी राहिली आणि तिचा गौरव जगभर झाला. त्या पाट्या उचलणाऱ्या स्त्रियांपैकी किती जणी ओल्या बाळंतिणी होत्या हे हजेरीपटावर लिहिलेले नसते. जड ओझ्याने लघवी निसटण्याचा विकार किती बळावतो याविषयी वैद्यकात पूर्ण एकमत नाही. परंतु प्रसूतीनंतर भरून न आलेल्या स्नायूंवर पाटीचा भार पडू नये, याविषयी फारसा वाद नाही.

रुग्णालयाच्या वहीची मर्यादा ओलांडून कोणी गावातच विचारले तर काय दिसते, याचे उत्तर महाराष्ट्रातूनच आले. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, दर स्त्रीमागे सरासरी ३.६ रोग होते. आणि पूर्वी कधी या रोगांसाठी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया होत्या केवळ ८ टक्के. तोवर जगभर ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे गर्भारपण आणि कुटुंबनियोजन असे समीकरण होते. या दोन गावांनी ते मोडले. हा अभ्यास प्रामुख्याने स्त्रीरोग व लैंगिक आजारांचा होता, लघवी गळण्याचा नव्हे. तथापि त्याने दाखवलेली पद्धत सर्वच लपलेल्या दुखण्यांना लागू पडते. पुढे गडचिरोलीच्याच ३९ गावांतील ७७२ बाळंतपणांचा पाठपुरावा झाला तेव्हा दहा टक्के स्त्रियांची प्रसूती प्रमाणाबाहेर लांबलेली आढळली. फिस्टुलाची वाट सुरू होते ती अशाच लांबलेल्या प्रसूतीत.

याच्या अगदी उलट चित्र २०१९ साली मराठवाड्यात समोर आले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात असल्याच्या बातम्यांनंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. ८२,३०९ स्त्रियांच्या सर्वेक्षणात १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. पहाटे फडात जायचे, मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीत चढायचे, पालाजवळ न्हाणी नाही की शौचालय नाही, आणि खाडा झाला तर कोयत्यामागे दंड. अशा वेळी पांढरे जाणे, पाळीचा त्रास आणि ओटीपोटातले दुखणे या सर्वांवर 'पिशवी काढा' हा एकच सल्ला मिळत गेला. दरवर्षी कोयता घेऊन निघणारी कुटुंबे हिंगोली जिल्ह्यातूनही जातात.

गर्भाशय काढल्याने ओटीपोटाच्या तळाचा आधार कमकुवत होऊ शकतो. स्वीडनमधील राष्ट्रीय नोंदींवर आधारलेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात असे आढळले की कर्करोगाव्यतिरिक्त इतर कारणांसाठी गर्भाशय काढलेल्या स्त्रियांना पुढे लघवी गळण्यावरची शस्त्रक्रिया करून घेण्याची वेळ इतरांपेक्षा दुपटीहून अधिक येते. स्वीडनमध्ये हे कळले, कारण तेथे प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंद पुढच्या शस्त्रक्रियेशी जोडलेली असते. बीडच्या त्या तेरा हजारांवर स्त्रियांपैकी आज किती जणींना लघवी धरवत नाही हे सांगू शकेल अशी जोडलेली नोंदच आपल्याकडे नाही. शिरोडकरांनी ज्या वयाच्या स्त्रियांचे गर्भाशय वाचवण्यासाठी पट्टी शोधली, त्याच वयाच्या स्त्रियांची ही कथा आहे.

या विकाराची व्याख्यादेखील इतिहासातून गेली आहे. इंटरनॅशनल कॉन्टिनेन्स सोसायटीच्या जुन्या व्याख्येनुसार गळती वैद्याला प्रत्यक्ष दाखवता आली पाहिजे आणि ती सामाजिक किंवा स्वच्छतेची अडचण ठरली पाहिजे, अशी अट होती. २००२ साली ही अट गेली. आता इच्छेविरुद्ध लघवी गळते अशी स्त्रीने तक्रार केली की तेवढे पुरेसे मानले जाते. साक्षीदार म्हणून तिचा शब्द ग्राह्य धरायला वैद्यकाला एवढा काळ लागला.

आणि उपचार? सौम्य त्रासात पहिला उपचार शस्त्राचा नाहीच. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्या-सोडण्याचा व्यायाम मांडला. तो काही महिने नियमित केल्यास बहुतेकींना आराम पडतो. हठयोगातील मूलबंधाशी त्याचे साम्य आहे, मात्र मूलबंध सांगितला गेला तो साधकासाठी, बाळंतिणीसाठी नव्हे. वजन कमी करणे, जुना खोकला व बद्धकोष्ठ यांवर इलाज करणे, मधुमेह आटोक्यात ठेवणे यांचाही उपयोग होतो. फिस्टुला शस्त्रक्रियेने बहुतेक वेळा बरा होतो.

लखनौच्या वैद्यकीय विद्यापीठात ३,००० स्त्रियांना याविषयी विचारण्यात आले आणि २०१३ साली त्याचे निष्कर्ष छापले गेले. त्या स्त्रिया लघवीच्या तक्रारीसाठी आलेल्या नव्हत्या; काही दुसऱ्याच आजारासाठी बाह्यरुग्ण विभागात आल्या होत्या, काही तेथेच नोकरीला होत्या. त्यांतील सुमारे २२ टक्के स्त्रियांना हा त्रास निघाला. रुग्णालयात रोज वावरणाऱ्या बायकाही गप्प होत्या.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा आज हळदीच्या बाजारासाठी ओळखला जातो. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत हिंगोलीचे एक होते. त्याच यादीत गडचिरोलीचेही नाव होते.